मी आल्याबिगर चालू करायचं न्हाय

नसीमचा फोन दोनदा वाजून बंद झाला, तो मला ऐकू आला नाही. मी ग्राइंडरवर टूल घासत होतो. तिसऱ्यांदा ग्राइंडर बंद करून घेतला. नसीम म्हणजे हमीदची मुलगी, लहानपणापासून मला सदाकाका म्हणते. म्हणाली, "सदाकाका, अब्बा गेले."

मी म्हटलं, "कुठं गेला?"

ती नुसतं पुन्हा म्हणाली, अब्बा गेले. मग मला समजलं. दुपारी जेवून पडला होता. चार वाजता चहाला हाक मारली, पुन्हा मारली, हलवून बघितलं. उठला नाही. डॉक्टर म्हणाले हृदय, गोळ्या तर चालू होत्याच. एवढं सांगून ती रडायला लागली आणि मी फोन कानाला धरून समोर बघत राहिलो. समोर लोखंड कातायचा माझा मोठा लेथ उभा होता. त्याचा प्लग काढून भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला, आणि प्लगला तांब्याच्या तारेनं बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा. त्यावर हमीदच्या अक्षरात लिहिलेलं, 'मी आल्याबिगर चालू करायचं न्हाय. हमीद.'

त्या वेळी मला पहिला विचार काय आला तो लिहितो. तेवढ्यासाठीच लिहायला बसलोय. मला वाटलं... आता हे कुणाला कळायचं नाही.

आणि त्या विचाराचीच अशी धडकी भरली की मी ग्राइंडर बंद करायला हात पुढं केला, तर तो कधीचाच बंद होता.

आता त्याचं चाळीसावं होऊन गेलं. पेपरच्या पुरवणीवाल्या साहेबांनी निरोप धाडला की तुमचा आयुष्यभराचा दोस्ताना, चार शब्द लिहा, नाहीतर तुम्ही सांगा, आम्ही लिहून घेतो. मी म्हटलं, सांगणार नाही, लिहीन. माझं शिक्षण चौथी. ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी बघावं, पण वाक्य हलवायचं नाही. कारण मी हमीदशी एक खोटं बोललो होतो, आणि त्याच्या शेवटच्या तीन आठवड्यांत ते खोटं माझ्या कारखान्यातल्या बाकावर आम्हा दोघांच्या मध्ये बसून होतं. वाक्य हलवलं तर ते पुन्हा कुठंतरी लपेल.

आम्ही दोघं शिवाजी पेठेतले. तालमीमागच्या बोळात त्याचं घर आणि आमचं घर समोरासमोर. मी शाळा सोडून लेथवर गेलो, तो रेडिओ दुरुस्तीला बसला. रेडिओ गेले, टेप आले, टीव्ही आले, कॉम्प्युटर आले, आणि हमीद त्याच बोळातल्या त्याच दुकानात, त्याच स्टुलावर बसून एकेक शिकत गेला. लोक त्याला हमीद मिस्त्री म्हणायचे. पुढं त्याला लिनक्सचं वेड लागलं. शाळांतले, पतपेढ्यांतले जुने कॉम्प्युटर कंपनीचा नवा प्रोग्राम पेलत नाहीत म्हणून फेकून द्यायचे, ते हा उचलून आणायचा, त्यात लिनक्स घालायचा आणि चालते करून द्यायचा. फुकटचा प्रोग्राम म्हणून लोक हसायचे. तो म्हणायचा, हसा, तुमचा कॉम्प्युटर मेला की याच.

पण लिनक्सचं एक दुखणं होतं, आणि हमीदचं अर्धं आयुष्य त्या दुखण्यात गेलं. एखादा प्रिंटर जोडला तर चालायचा, त्याच्या शेजारचा चालायचा नाही. म्हणे ड्रायव्हर नाही. एकदा मी विचारलं, "हमीद्या, ह्ये ड्रायव्हर ड्रायव्हर काय असतंय रं?"

"तुझ्या आबांची म्हैस आठवती?"

माझ्या वडलांच्या दोन म्हशी होत्या. कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायचे.

"पाडव्याला म्हशी पळवायच्या, तवा आबांनी हाळी दिली की ती गर्दीतनं उधळत त्यांच्या मागं पळायची. तू दिलीस तर?"

"मान पण वळवायची न्हाय."

"मग तेच. म्हैस दावणीला हाय, धडधाकट हाय, दूध हाय. खरं, तिची हाळी ठावी न्हाय. कंपनी म्हैस इकती आनि हाळी खिशात ठेवती. मग जगात कुटं कुटं माझ्यासारखी खुळी म्हशीफुडं बसून नाना आवाज काढत्यात. एकाद्याला घावती हाळी. तो सगळ्यांस्नी फुकट सांगून टाकतो. ती हाळी म्हंजे ड्रायव्हर."

"आनि न्हाय घावली तर?"

"तर म्हैस नुस्ती उभी ऱ्हाती. त्येचं काय न्हाय. अर्धवट हाळी लय वाईट, सदा. मग ती कुटं पळंल सांगता येत न्हाय."

मी तेव्हा हसलो होतो. आता ते वाक्य आठवलं की मानेवर काटा येतो.

त्याचं काम बघण्यासारखं होतं. गळ्यात काळ्या दोऱ्याला चष्मा, आणि त्याच दोऱ्याला एक पेनड्राइव्ह. कुणाला लॅपटॉप घ्यायचा असला की हमीदला बरोबर न्यायचं. दुकानात मांडलेल्या लॅपटॉपला तो आपला पेनड्राइव्ह लावायचा. दुकानदार म्हणायचा, "मिस्त्री, नवा कोरा हाय, बघताय काय त्यात?" हा म्हणायचा, "पावणं, नवा हाय म्हणूनच बघतोय. जुन्याची हाळी म्हाईत असती." मग वायफाय बघायचा, आवाज बघायचा, आणि शेवटी झाकण मिटवून बसायचा. तोंडानं शंभरपर्यंत आकडे मोजायचा आणि झाकण उघडायचा. लॅपटॉप जागा झाला तर घ्या म्हणायचा. झोपून उठला नाही तर पेनड्राइव्ह काढून सरळ बाहेर. दुकानदार मागनं ओरडत बसायचे.

आणि त्याची वही. लाल कापडी बांधणीची लांब वही. डाव्या बाजूला वस्तूचं खोक्यावरचं नाव, मध्ये आतल्या चिपवरचा इंग्रजी नंबर, आणि उजव्या बाजूला मराठीत एक शब्द, चालतं, किंवा चालत न्हाय. क्वचित कुठं 'रुसतं'. इचलकरंजीचे मागवाले यायचे, जोतिबावरचा एक गुलाल-खोबऱ्याचा दुकानदार बिलाचा प्रिंटर पिशवीत घालून यायचा, हमीद त्यांच्यासमोर वही उघडून बोट फिरवायचा. स्वतः बघितल्याशिवाय तिसरा शब्द लिहायचा नाही. आणि प्रत्येकाला एकच सांगायचा, "खोक्यावर इस्वास ठेवू नगा. कंपनी नाव तेच ठेवती, चित्र तेच, रंग तोच, आनि आतला चिप बदलती. सांगत न्हाय. आतला नंबर वाचल्याबिगर वस्तू घरात घ्यायची न्हाय."

हे मी त्याच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल. ऐकलं, आणि माझ्यासाठी नाही असं समजलो.

बारा वर्षांपूर्वी माझ्या हाताला कंप सुटला. हे मी आजवर बायकोशिवाय कुणाला बोललो नव्हतो. ज्या हातानं मी बुश, म्हणजे मशीनमधलं पोकळ नळकांडं, असा काढायचो की गिऱ्हाईक माप न घेता पिशवीत टाकायचं, त्या हातातलं हँडल थरथरायला लागलं. जॉब खराब व्हायला लागले. मी रात्रीतून ते भंगारात टाकायचो. हमीद एकदा बाकावर बसून चहा पीत होता. त्याची नजर माझ्या हातावर होती.  आठवड्यानं आला तो दोन मोटरी आणि एक कॉम्प्युटर घेऊन. म्हणाला, "तुजा लेथ मी लिनक्सवर घेतो. आकडा तू सांगायचा. तुजा हात हालला तरी मोटर हालायची न्हाय." आणि आमच्या कारखान्यांच्या उद्यमनगरात सगळ्यांना सांगत सुटला की सदाला म्हातारपणी आधुनिक व्हायचं खूळ लागलंय, माझ्या मागं लागून करून घेतलं. माझ्या कंपाबद्दल एक अक्षर नाही. बारा वर्षं नाही.

त्या कॉम्प्युटरला लेथ जोडायला पंचवीस भोकांचं एक पोर्ट लागायचं. आता ते कुठल्या कॉम्प्युटरला येत नाही, म्हणून आत एक कार्ड बसवावं लागतं. आणि कार्डही कुठलंही चालत नाही. हमीदनं इचलकरंजीतल्या एका बंद पडलेल्या शेडमधनं हिरव्या खोक्यातली दोन कार्डं शोधून आणली. वहीत बघितलं, नंबर वाचला, चालवून बघितलं. एक बसवलं. दुसरं माझ्या लोखंडी कपाटात ठेवलं. म्हणाला, "ह्ये चालवायला, आनि ते कपाटातलं ह्ये मेल्यावर. हात लावायचा न्हाय."

दोन वर्षांमागं कारखान्याला रंग द्यायला काढला. कपाट रिकामं करायचं होतं. वायरी, खोकी, बटणं, सगळा हमीदचा पसारा. मी भंगारवाल्याला हाक मारली आणि पोत्यात भरून दिलं. हिरवं खोकं त्यात होतं. मी बघितलं होतं, मला ओळखू आलं होतं. वाटलं, दहा वर्षं झाली, पहिलं मरत नाही तर दुसरं कशाला. माझा कारखाना, माझं कपाट. त्याला विचारायला मी काय त्याचा गडी आहे?

यंदा उन्हाळ्यात आमच्या लाइनीवर काहीतरी झालं आणि जादा करंट आला. ट्यूब फुटल्या, शेजारच्याचा पंखा जळाला, आणि माझा कॉम्प्युटर लेथला ओळख देईना. हमीद आला. कार्ड काढून नाकाशी धरलं. "गेलं," म्हणाला. आणि वर खूश होऊन म्हणाला, "म्हणून तर दुसरं ठिवलंय. काड की कपाटातलं."

मी उठलो. कपाट उघडलं. आत काय आहे आणि काय नाही ते मला ठाऊक होतं, तरी उघडलं आणि त्याच्याकडे पाठ करून उभा राहिलो. त्या वेळी वळून एवढंच म्हणायचं होतं, हमीद, मी ते भंगारात दिलं. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या आणि विषय संपला असता. पण शेजारच्या शेडचा बाळू दारात उभा होता. त्यानं नवं आयतं मशीन घेतलंय, माझा लेथ बंद पडला की बघायला येतो. म्हणत होता, "काय सदाभाऊ, डॉक्टर आला, औषध हाय का न्हाय?"

मी म्हटलं, "हाय. आत मागं कुटं तरी हाय. उद्या काडून मीच बसवतो."

"तू बसवणार?" हमीद म्हणाला.

"एक तर स्क्रू हाय की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेलो. जळलेलं कार्ड खिशात होतं. दुकानदारानं काढून दिलं तेच हिरवं खोकं, तेच चित्र, तेच नाव. कारखान्यात आणून मी दोन्ही कार्डं बाकावर शेजारी ठेवली आणि बारीक माप घ्यायचा व्हर्नियर काढला. खाचेत बसणारी पट्टी मापली, स्क्रूच्या भोकापासून कडेचं अंतर मापलं, जाडी मापली. केसाचा फरक नाही. आयुष्यभर मी एकच धर्म पाळला, माप जुळलं की पार्ट जुळला. माझ्या हिशोबानं ते कार्ड तेच होतं. म्हणजे मी खोटंसुद्धा बोललेलो नाही, असं मी मनाला समजावलं. कार्ड खाचेत असं बसलं की कट्ट आवाज झाला. तो आवाज ऐकून मला समाधान वाटलं, हे पण लिहून ठेवतो.

दुपारी हमीद आला. पहिला प्रश्न तोच. "कपाटातलंच न्हवं?"

"व्हय की. तू दिल्यालं."

त्यानं मान डोलावली. माझ्या शब्दावर खोकं मागितलं नाही, कार्ड काढून नंबर बघितला नाही. जगात कुणाच्या खोक्यावर विश्वास न ठेवणारा माणूस तो. खाली वाकून मोटरीची वायर आवळायला लागला, लेथच्या डाव्या अंगाला, जॉब धरून फिरणाऱ्या चकाच्या समोर. म्हणाला, "चालू कर."

बारा वर्षं आमचा क्रम ठरलेला. आधी मेन, मग कॉम्प्युटर. कॉम्प्युटर पूर्ण चालू होऊन तुम्ही सांगेपर्यंत लेथ हलत नाही. मी मेन टाकला. कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पडदा अजून काळा होता. आणि पडदा काळा असतानाच चक फिरायला लागला.

कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या आपण... एकदम पूर्ण वेगानं. आणि चकात चावी होती. चक आवळायची ती लोखंडी चावी मी सकाळी काढायची विसरलो होतो. ज्या माझ्या हाताखाली चाळीस पोरं टर्नर झाली आणि चावी चकात राहिली म्हणून ज्यांना मी थोबाडीत मारल्या, तो मी. चावी सुटली. मला ती दिसली नाही, नुसता वारा ऐकू आला आणि शटरच्या पत्र्यावर तोफेसारखा आवाज झाला. मी मेन पाडला. चक हळूहळू थांबला. कारखान्यात एवढी शांतता झाली की बाळूच्या शेडमधलं पाणी गळतंय ते ऐकू येत होतं.

हमीद उठून उभा होता. हात कानाला होता. कानाच्या पाळीला चावी चाटून गेली होती. हात खाली घेतला तेव्हा बोटाला एवढंसं रक्त. चार बोटं अलीकडं असता तर... तो बाकावर बसला. पाणी मागितलं. प्यायला. आणि म्हणाला, "माजंच काय तरी चुकलं, सदा."

आता तरी बोलायचं होतं. माणूस माझ्यामुळं मरता मरता वाचलेला, माझ्यासमोर बसून स्वतःला दोष देतोय. आणि माझ्या तोंडून काय निघालं? मी म्हटलं, "मग बघ की तुजं लिनक्स. माज्या मशीनचा काय दोष न्हाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग उठून लेथचा प्लगच काढला, नुसता कॉम्प्युटर चालू केला. एका बोटानं काहीतरी टाइप केलं. पडद्यावर इंग्रजीच्या ओळी आल्या. मला इंग्रजी येत नाही. तो बराच वेळ बघत राहिला. चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. पिशवीतनं वही काढली आणि एक ओळ लिहिली. मला वाटलं, बिघाड लिहून घेतोय. वही मिटली, कॅलेंडरचा पुठ्ठा फाडला, त्यावर ते वाक्य लिहिलं, तो तारेनं प्लगला बांधला आणि प्लग खिळ्याला टांगला. जाताना दारात थांबला. "काय सांगायचं हाय का तुला?"

"न्हाय."

"बरं."

त्यानंतर तो तीनदा आला. मशीनला हात लावला नाही. बाकावर बसायचा, चहा घ्यायचा. कानाची खपली काळी पडली होती. प्रत्येक वेळी उठताना तेच. "काय सांगायचं हाय?" मी म्हणायचो, "मशीनचं तू सांगायचं." तो म्हणायचा, "बरं." मला त्या 'बरं'ची भीती वाटायला लागली. तो यायच्या वेळी मी मुद्दाम ग्राइंडर चालू करून ठेवायचो, म्हणजे बोलायला नको. तो ग्राइंडर थांबेपर्यंत बसून राहायचा. तिसऱ्या वेळी त्यानं प्रश्न बदलला.

"सदा, चावी चकात कुणाकडनं ऱ्हायली?"

"माज्याकडनं," मी म्हटलं.

"ते एक झालं," तो म्हणाला.

आणि थांबला. माझ्या तोंडाकडं बघत थांबला. मी किटली उचलली आणि त्याच्या कपात चहा ओतला, कप भरलेला असताना ओतला. चहा बशीत, बशीतनं त्याच्या पायजम्यावर. त्यानं पाय हलवला नाही. चहा न पिता उठला. तो शेवटचा.

पुढचा आठवडा तो आला नाही. पेठेतनं आलेल्या एकानं सांगितलं, मिस्त्रीचं दुकान बंद असतंय, आत नुसता बसून असतो. माझ्या कारखान्यापासनं त्याच्या दुकानाला चालत वीस मिनिटं. मी गेलो नाही. लोक अशा लेखात लिहितात की मी त्याच दिवशी जाणार होतो आणि तेवढ्यात फोन आला. मी खोटं कशाला लिहू? मी त्या दिवशी पण जाणार नव्हतो.

चाळीसाव्यानंतर नसीम कारखान्यात आली. पिशवीतनं तिनं दोन वस्तू काढल्या, ती लाल वही आणि एक हिरवं खोकं. खोक्यावर कागद डकवलेला, त्यावर 'सदा'.

"अब्बांच्या टेबलावर हुतं. तुमचं असंल म्हणून आणलं," ती म्हणाली. "काका, शेवटी शेवटी ते कुणाची मशिनी घेतच नव्हते. म्हणायचे, एक काम अर्धं हाय, ते झाल्याबिगर दुसरं धरत न्हाय. मी विचारलं कुठलं, तर म्हणाले सदाकडचं. मी म्हटलं, मग जावा की करून या. तर म्हणाले, माज्याकडचं झालंय. त्येच्याकडचं ऱ्हायलंय."

मी वही घेतली. शेवटचं लिहिलेलं पान काढलं. शेवटी दोन ओळी होत्या. दोन्हींत खोक्यावरचं नाव तेच, मला आकारावरनं कळलं. खालच्या ओळीत नंबर आणि पुढं 'चालतं'. वरच्या ओळीत दुसराच नंबर, आणि पुढं काहीच नाही. त्या वहीत शेकडो ओळी असतील. तिसरा शब्द नसलेली ती एकच.

मी उठलो, कॉम्प्युटर उघडला आणि मी बसवलेलं कार्ड काढलं. भिंग आणलं. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण आकार जुळवता येतो, आयुष्यभर तेच केलंय. चिपवरचं एक अक्षर, वहीतलं एक अक्षर. चिपवरचं दुसरं, वहीतलं दुसरं. शेवटपर्यंत. वरच्या, रिकाम्या ओळीतला नंबर माझ्या कार्डाचा होता.

म्हणजे त्याला त्याच दिवशी, पडद्यावरच्या त्या ओळींतनं, कळलं होतं. रक्त सुकायच्या आधी. 'माझंच चुकलं' हे तो पडदा बघायच्या आधी म्हणाला होता, नंतर कधीच म्हणाला नाही. खरं कार्ड पण त्यानं कुठनं तरी शोधून, तपासून, माझं नाव घालून ठेवलं होतं. फक्त तो एक शब्द त्यानं मी लिहावा म्हणून ठेवला होता.

मी नसीमकडं पेन मागितलं. त्या रिकाम्या जागी लिहिलं, 'चालत न्हाय. सदानं बदललं.' हात एवढा हलत होता की ओळ खाली घसरली. नसीम वाचत होती.

"काका, हे काय?"

मी सांगितलं. कपाट, भंगार, दुकान, व्हर्नियर, सगळं. ती पत्र्याकडं गेली. शटरला चावीचा खड्डा आहे, अंगठा मावेल एवढा. तिनं त्यावर बोट ठेवलं. मग स्वतःच्या कानाला हात लावला.

"आमास्नी म्हणाले, न्हाव्याचा वस्तरा लागला."

 तिनं वही उचलून पिशवीत घातली, खोकं माझ्याकडं राहू दिलं. चहा ठेवला होता तो घेतला नाही. त्यानंतर ती आलेली नाही, आणि फोन करायची माझी छाती नाही.

हा लेख छापून आला की उद्यमनगरात काय बोलतील ते बोलोत. माझा हात हलतो हे पण आता सगळ्यांना कळेल. बाळू परवा म्हणाला, "सदाभाऊ, कार्ड आलंय न्हवं? बसवा आनि चालू करा, नुस्तं गंजत उभं हाय." मला बसवता येतं. स्क्रू एकच आहे. मी आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही, बापाचं नाही, मालकाचं नाही, हमीदचं तर नाहीच. हे एक ऐकतोय. प्लग खिळ्याला आहे. पुठ्ठा त्याला बांधलेला आहे. तांब्याची तार हिरवी पडायला लागली आहे.

लाइट जाते आणि येते, आमच्याकडं दिवसातनं दोनदा. ट्यूब फडफडते, बाळूकडचं मशीन घुमायला लागतं. प्लग वर टांगलाय, कॉम्प्युटरच्या आत कार्ड नाही, हे मला ठाऊक असतं. तरी मी हातातलं टाकून मागं सरकतो. आधी चकाकडं बघतो. मग चकाच्या समोर, लेथच्या डाव्या अंगाला... तिथं कुणी वाकलेलं नाही ना, ते बघतो.